सहाशे किलोमीटर आणि शेवटची शंभर पावलं

गुजरातमधल्या थानगढहून कमोड-बेसिनांनी भरलेली गाडी बडोदा, भरूच, वापी करत, घोडबंदरला गायमुखच्या घाटात कंबर मोडून घेत मुंबईत येते. सहाशे किलोमीटरांच्या वरचा हा रस्ता. पण गाडी नीट भरलेली असेल तर त्या सगळ्या प्रवासात एखादा नग फुटला तर फुटतो. बाकीचं नुकसान फाळका, म्हणजे ट्रकची मागची फळी, उघडल्यानंतर होतं. फाळक्यापासून गोदामाच्या दारापर्यंत, थप्पीवरून टेम्पोपर्यंत, टेम्पोतून इमारतीच्या लिफ्टपर्यंत आणि लिफ्टमधून बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत. मोजायला गेलं तर शंभरेक पावलं. कमोड, बेसिन, टब जे काही फुटतं ते बहुतेक इथेच फुटतं.

मी रे रोडला एका व्यापाऱ्याचं सॅनिटरीवेअरचं गोदाम सांभाळतो. दुकान लालबागला आहे. आमच्या भागात चाळी उतरतायत आणि टॉवर उभे राहतायत, त्यामुळे एकेका साइटवर दोनशे-दोनशे बाथरूमचा माल एकदम जातो. त्याच वेळी नात्यातले, ओळखीचे लोक घर नवं करायला काढतात आणि फोन करतात की कमोड येऊन पडलंय, कुठे ठेवू, आडवं ठेवलं तर चालेल का. फोनवर सांगून सांगून जे साठलं ते इथे लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्यायला हवं. आपण ज्याला चिनी मातीचं भांडं म्हणतो त्याला धंद्यात व्हिट्रियस चायना म्हणतात. चिनी माती, बॉल क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचं पातळ मिश्रण साच्यात ओततात, वाळवतात, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप चढवतात आणि १२०० अंशांच्या आसपास भाजतात. भाजल्यावर ती माती काचेच्या जातीची होते. आपलं भारतीय मानक आयएस २५५६ तिच्याकडून अपेक्षा करतं की तिने स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषू नये. म्हणजे पावसाचं, पुराचं पाणी या भांड्याचं काही बिघडवू शकत नाही. त्याला बिघडवतो तो धक्का.

आणि धक्कासुद्धा कसला? दाब ते भरपूर सोसतं. युरोपच्या मानकात भिंतीवर लटकणाऱ्या कमोडवर ४०० किलो वजन तासभर ठेवून बघतात, आणि चांगला माल त्यात पास होतो. पण तेच कमोड गुडघ्याएवढ्या उंचीवरून एका कोपऱ्यावर टेकलं की गेलं. सगळं वजन एका बिंदूवर आलं की ही माती क्षणभरही वाकत नाही, सरळ तडकते. दुसरी गोष्ट, वाळताना आणि भाजताना ही माती दहा टक्क्यांच्या वर आकसते. त्यामुळे कुठल्याही कमोडचा तळ शंभर टक्के सपाट नसतो. उघडं कमोड कडक लादीवर ठेवून हलवून बघा, थोडं डुगडुगेल. बसवताना खाली सिमेंट किंवा सिलिकॉन भरतात म्हणून ते पुढे जाणवत नाही. पण गोदामात किंवा घरात तेच लादीवर तसंच ठेवलं तर ते तीन बिंदूंवर उभं असतं, आणि वर कोणी वजन ठेवलं की त्या तीन बिंदूंपैकी एकावर टवका उडतो. म्हणून खाली पुठ्ठा, गोणपाट, जुनी सतरंजी, काहीतरी मऊ हवंच.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो. साधं बेसिन दहा किलोच्या आसपास. भिंतीवरचं कमोड वीस-पंचवीस. टाकीसकट एकसंध असलेलं वन पीस कमोड ३५ ते ४५ किलो, काही त्याहून जड. जुन्या इमारतींतला चार इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाइप सहा फुटांचा घेतला तर वीस किलोच्या वर. आणि बिडाचा टब दीडशे किलोपर्यंत सहज जातो. यात ४५ किलोचं वन पीस सगळ्यात फसवं. तांदळाची गोण खांद्यावर बसते, अंगाला धरते. कमोडचं वजन मात्र टाकीच्या बाजूला झुकलेलं असतं, पकडायला धड कडा नसते आणि ग्लेझ घामाने निसरडी होते. एकट्याने उचललं की ते उचलणाऱ्याच्या अंगावर येतं.

पूर्वी थानगढचा माल सुटाच यायचा, गाडीत सुकं गवत भरून. (त्या गावच्या मातीच्या धंद्याला एका मराठी माणसाचाही हात लागलाय. परशुराम गणपुले यांचं परशुराम पॉटरी वर्क्स तिथलंच. याचा मला फार अभिमान वाटतो.) गवताचा एक गुण होता. त्यात वस्तू रुतून बसायची, हलायची नाही. दोष एवढाच की पावसात ते भिजायचं, कुजायचं, गाडीला उग्र वास यायचा. आता पाच पदरी, सात पदरी खोकी आली, आत थर्माकोल आला. तरी गाडी भरायचं मूळ तत्त्व तेच राहिलं आहे. पोकळी ठेवायची नाही. दोन खोक्यांत चार बोटं जागा राहिली तर प्रत्येक ब्रेकला खोकं ती चार बोटं पळतं आणि शेजारच्यावर आपटतं. ती जागा गोणपाटाने, पुठ्ठ्याच्या गुंडाळ्यांनी घट्ट बसवायची. जड माल तळाला, कमोड उभीच, बेसिनं कडेवर. टाइल्स त्याच गाडीत असतील तर त्या खाली, केबिनच्या बाजूला, आणि त्यांच्यावर काही नाही. कमोडच्या खोक्यांवर टाइल्स चढवलेली गाडी मी पाहिली आहे. वरची खोकी व्यवस्थित होती, खालची सगळी बसली होती.

रस्सी आवळतानाही एक बघावं लागतं. ती खोक्याच्या कोपऱ्यावर थेट आली तर पुठ्ठा कापते आणि आतल्या मालाला चावते. रस्सीखाली पुठ्ठ्याची पट्टी दुमडून ठेवायला काही मिनिटं लागतात. आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरला आता सांगावं लागत नाही.

गाडी येते रात्री. दिवसा गर्दीच्या वेळी मोठ्या गाड्यांना शहरात येऊ देत नाहीत, म्हणून माल उतरवायचं काम रात्री किंवा पहाटे होतं. ड्रायव्हरला परत फिरायची घाई, हमालांची टोळी दिवसभराच्या कामाने थकलेली, आणि गोदामाबाहेर उजेड कमी. नुकसानीची सगळी तयारी या एका तासात झालेली असते. म्हणून मी शेठकडे पहिली मागणी केली ती दिव्यांची. दारावर दोन मोठे फ्लडलाइट लागले आणि ब्रेकेजचा आकडा खरोखर खाली आला.

ट्रकचा पाटा जमिनीपासून चारेक फूट उंच. दोघे वर, दोघे खाली. वरचे दोघे खोकं फाळक्याच्या कडेशी आणतात, खालचे दोघे ते छातीशी घेतात, तळाखाली हात घालून. खाली रबरी मॅट अंथरलेली असते. खोक्याला करकचून बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी हातात धरून उचलायचं नाही, हा आमचा पक्का नियम. नवीन पोरगा आला की हमखास पट्टीलाच हात घालतो, कारण ती मुठीत छान बसते. आमचे मुकादम त्याला शांतपणे सांगतात, "बाळा, ती पट्टी खोक्याला बांधलीय, मालाला नाही. सुटली की तुझ्या पायावर येईल."

ओझं उचलणाऱ्या माणसांबद्दल थोडं लिहायलाच हवं. माझे वडील दाणाबंदरच्या धान्यबाजारात माथाडी होते, पाटण तालुक्यातून आलेले. क्विंटलची गोण पाठीवर घेऊन फळीवरून चढायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याआधीचे दिवस त्यांनी पाहिले होते. मजुरी मिळायची, पण मागे काही उरायचं नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, जखम झाली तर कोणी विचारणारं नाही. कायद्याने माथाडी मंडळ आलं, नोंद आली, हक्काचे पैसे आले. गुडघे मात्र परत आले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की एका पुरुषाने हाताने वाहायचं वजन ५५ किलोंच्या आत आणावं. वडील तेव्हा त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझं वाहत होते. म्हणून माझ्या गोदामात तीस किलोच्या वरच्या खोक्याला दोन माणसं, हे ठरलेलं आहे. डोक्यावर तर कमोड घ्यायचंच नाही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, थोडी जास्त जाते. शेठ सुरुवातीला कुरकुरले. मग मी त्यांना वर्षभराची फुटलेल्या मालाची वही दाखवली. दोघांनी उचललेला माल फुटत नाही. माणूस सांभाळला की माल आपोआप सांभाळला जातो, हे त्या वहीत दिसत होतं.

आता थप्पी. खोक्यावर चित्रं असतात. बाण म्हणजे ही बाजू वर, छत्री म्हणजे ओल नको, पेला म्हणजे नाजूक, आणि एका चित्रात आकडा असतो, एकावर एक किती ठेवायची त्याचा. तो आकडा कोणी वाचत नाही. वाचला तरी मुंबईत जशाच्या तसा पाळून चालत नाही, असं माझं मत आहे. पुठ्ठ्याची ताकद हवेतल्या ओलीबरोबर झपाट्याने उतरते. कोरड्या हवेत जे खोकं दणकट असतं तेच जुलै महिन्यात, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास पोचली की, निम्म्या ताकदीवर येतं. आमचं गोदाम खाडीजवळ, भिंती जुन्या दगडी, पावसाळ्यात त्यांना ओल सुटते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही थप्प्या मोडतो आणि एक थर कमी करून पुन्हा लावतो. चारची तीन. जागा कमी पडते, कबूल आहे. तरी करतो.

खोक्याचा भार पेलतात ते त्याचे चार उभे कोपरे. मधला पुठ्ठा नुसता पडदा असतो. त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा बरोब्बर यायला हवा. गवंडी विटा लावतो तशी सांधे मोडून थप्पी लावली तर ती दिसायला भक्कम दिसते, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या, मऊ भागावर येतो आणि आठवड्याभरात पोट सुटायला लागतं. खोकं फुगलेलं दिसलं की थप्पी त्याच दिवशी उतरवायची. उद्यावर नाही. सगळ्यात खाली लाकडी पॅलेट, जमिनीपासून चार-सहा इंच, आणि भिंतीपासून फूटभर अंतर. त्या फुटात हवा खेळते आणि वाळवी चढताना डोळ्यांना दिसते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. रे रोडला आम्ही वाचलो. कुर्ल्याला एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं तळमजल्यावर गोदाम होतं, तिथे पाणी उतरल्यावर मदतीला गेलो होतो. पाणी चढलं तेव्हा काहीच फुटलं नव्हतं. भांडी पाण्यात सुखरूप होती. पाणी ओसरल्यावर तळाच्या खोक्यांचा लगदा झालेला होता, आणि वरचे तीन थर त्या लगद्यावर उभे होते. आम्ही दारात असताना एक थप्पी वाकली आणि शेजारची घेऊन पडली. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून ओल्या थप्पीजवळ मी कोणालाही जाऊ देत नाही. आधी वरून लांब बांबूने चाचपायचं, मग वरचा थर दोघांनी बाजूने उतरवायचा, समोर उभं राहून नाही.

फुटलेल्या मालाला हात लावायचीही पद्धत आहे, आणि तिच्याकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. फुटलेल्या कमोडची धार काचेहून वाईट असते, कारण तुकडा जाड आणि वजनदार असतो. नुसता ओझरता लागला तरी खोल जातो. साइटवर एका पोराच्या मनगटाची शीर अशीच कापली गेली होती, गोणीत भरलेले तुकडे खांद्यावर घेताना. गोणी चालत नाही, ती फाटते. पत्र्याचं घमेलं किंवा जाड ड्रम, हातात चामड्याचे मोजे, पायात बूट. आणि तडा गेलेलं भांडं "चालेल अजून" म्हणून कोणाला फुकट देऊ नका. त्यावर बसणारा माणूस असतो.

तडा दिसतोच असं नाही. आमच्याकडे प्रत्येक उघडलेला नग बोटाच्या पेराने वाजवून घेतात. चांगलं भांडं खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. माठ घेताना आपल्या आया-आज्या हेच करायच्या. शंका वाटली तर धुवून जाणारी निळी शाई त्या जागी लावायची, मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसायची. ग्लेझ अखंड असेल तर शाई पूर्ण निघते. चीर असेल तर केसाएवढी निळी रेघ मागे राहते. सगळ्यात आधी बघायच्या जागा म्हणजे पायाशी बोल्टची भोकं, मागचा ट्रॅपचा, म्हणजे पाणी अडून राहतं तो, वाकडा भाग आणि टाकीच्या झाकणाचे कोपरे.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात सांगतो. बेसिनं आडवी एकावर एक रचू नका, कडेवर उभी करा, मध्ये पुठ्ठा. टाकीची झाकणं वेगळी, उभी. नळ, शॉवर, पितळी सामान कमोडच्या खोक्यांबरोबर ठेवूच नये. ओला पुठ्ठा आणि समुद्राची खारी हवा दोन्ही मिळून क्रोमवर बारीक काळे ठिपके पाडतात, आणि ते घासून जात नाहीत. आम्ही ते आतल्या कोरड्या खोलीत, लोखंडी रॅकवर ठेवतो. रबरी वॉशर उन्हात नको. ॲक्रिलिकच्या टबला फिल्म चिकटवलेली येते. तो टब गच्चीत उन्हात पडून राहिला तर ती फिल्म अशी घट्ट बसते की काढताना रडवते. टब एकात एक ठेवायचे असतील तर मध्ये जाड फोम, आणि कधीही जमिनीवरून ओढायचा नाही.

बिडाच्या टबाचा मामला वेगळाच. ग्रँट रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असा टब होता. साडेपाच फुटी, सिंहाच्या पंजांचे पाय, आणि खाली शँक्स या स्कॉटिश कंपनीचा ओतीव शिक्का. इमारत रिकामी होणार होती. कंत्राटदार म्हणत होता, घणाने फोडून तुकडे उतरवू, तशीच पद्धत आहे. घरातल्या आजींना तो फोडायचा नव्हता. त्यांच्या मुलांच्या आंघोळी त्यात झाल्या होत्या. नवीन घरी न्यायचा म्हणाल्या. आमच्या मुकादमांनी आधी टब पाहिलाच नाही, जिना पाहिला. लाकडी जिना, काही पायऱ्या पोकळ झालेल्या. दीडशे किलोचा टब आणि चार माणसं एकाच दोन पायऱ्यांवर आली तर साडेचारशे किलो. ते म्हणाले, "टब उतरेल हो आजी. जिना आधी उतरेल असं नको व्हायला."

त्यांनी काय केलं ते डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. प्रथम पाचरी ठोकून चारही पाय सोडवले. पाय नुसते खाचेत सरकवलेले असतात, गंजलेले असले तरी तेल सोडून थोडा वेळ थांबलं की येतात. मग टब दोन गोधड्यांत गुंडाळला आणि कडेवर सुंभ आवळला, कारण बिडावरचा एनॅमल काठालाच पहिला उडतो. प्रत्येक जिन्यावर दोन लांब फळ्या वरपासून खालपर्यंत टाकल्या, म्हणजे भार एकाच पायरीवर न येता पाच-सहा पायऱ्यांवर वाटला गेला. फळ्यांवर साबणाचा हात फिरवला. वर दोरखंड. त्याचा विळखा भिंतीतल्या दगडी चौकटीला, जिन्याच्या कठड्याला नाही. दोघे वरून दोर सोडत होते, दोघे बाजूने दिशा देत होते. खाली, टबाच्या वाटेत, कोणी नाही. एक मजला उतरला की थांबायचं, पाणी प्यायचं, दोर नव्याने बांधायचा. सगळं मिळून अख्खी सकाळ गेली. एनॅमलला एक ओरखडा नाही.

नंतर काही महिने तो टब आमच्या गोदामात होता. पालथा ठेवला होता, काठाखाली गोणपाट गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या, आणि बाहेरच्या उघड्या बिडाला तेलाचा हात, गंज चढू नये म्हणून. आजींच्या नव्या घराच्या बाबतीत मी एकच आग्रह धरला, बसवण्याआधी इंजिनिअरला विचारा. राहत्या घराची स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात. टब दीडशे, पाणी दोनशे लिटर, माणूस सत्तर. चारशेच्या वर झाले, आणि जागा व्यापली जेमतेम सव्वा चौरस मीटर. तेही चार पंजांवर. इंजिनिअरने टब तुळईच्या बाजूला सरकवून पायांखाली पोलादी पट्ट्या टाकायला सांगितल्या.

हाच हिशेब चाळीतल्या पोटमाळ्याला लावून बघा. खोली दुरुस्तीला काढली की लोक टाइल्सची खोकी आणि कमोड सरळ माळ्यावर चढवतात, खाली जागा मोकळी राहावी म्हणून. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचं एक खोकं तीस किलोच्या आसपास भरतं. वीस खोकी म्हणजे सहाशे किलो, जुन्या लाकडी वाशांवर, आणि खाली घरची माणसं झोपलेली. कृपा करून हे करू नका. शेजाऱ्याची पडवी मागा, दुकानदाराला सांगा की माल दोन हप्त्यांत पाठव. आम्ही तरी असं सांगणाऱ्याला कधी नाही म्हणत नाही.

टॉवरमधली गोष्ट लिफ्टची. आपल्याकडे लिफ्टमध्ये माणूस ६८ किलोचा धरतात. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, आठ माणसांची ५४४. वन पीसची सहा खोकी, ट्रॉली आणि दोन माणसं चढली की सहा माणसांची लिफ्ट भरली. तरी वरून आणखी दोन खोकी घुसवतात. पण लिफ्टमध्ये माल फुटतो तो वजनाने नाही. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांत बोटभर फट असते, कधी पाऊण इंचाची पायरी. ट्रॉलीचं छोटं चाक त्या फटीत बसतं, मागचा माणूस जोर लावतो, ट्रॉली एकदम सुटते आणि खोकं आत दणकन बसतं. बाहेरून काही दिसत नाही. आत ट्रॅपला चीर गेलेली असते, आणि ती कळते बसवून पाणी सोडल्यावर, खालच्या मजल्यावर ओल आल्यावर. यावर उपाय एक फळी. दोन फूट लांब, फटीवर टाकायची. आमच्या प्रत्येक टेम्पोत अशी फळी असते.

घरी माल मागवणाऱ्यांनी इतकं करावं. बाथरूमचं फोडकाम, वॉटरप्रूफिंग, टाइल्स पुरत्या होईपर्यंत कमोड मागवू नये. आधी आलेलं कमोड तीन आठवडे पॅसेजमध्ये उभं असतं, त्यावर रंगारी चढतो, सुतार हातोडी ठेवतो, पोरं बसतात. आधी आणावंच लागलं तर खोक्यातच, उभं, एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीशी. गॅलरीत नको. टेम्पोवाला समोर असताना खोकं उघडून, वाजवून, फोटो काढून घ्या आणि मग पुन्हा बंद करा. उचलताना सीट आणि टाकी धरू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून, गुडघ्यात वाकून, तळाला हात. चपला घालून उचलू नका, बूट घाला.

पावतीवर सहीचंही महत्त्व आहे. ट्रान्सपोर्टची बिल्टी समोर आली की आपण सही ठोकून मोकळे होतो. खोकं ओलं असेल, कोपरा बसला असेल, आतून खुळखुळ येत असेल, तर सहीच्या वर तेच शब्द लिहा, आणि किती नग तेही. २००७ च्या रस्तेवाहतुकीच्या कायद्याप्रमाणे नुकसानीचा दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचं बोलणं त्यात धरत नाहीत. आमच्या एका गाडीत तळाचा अख्खा थर बसलेला निघाला होता, ट्रान्सपोर्टवाले हात वर करत होते. बिल्टीवर मुकादमांच्या वेड्यावाकड्या अक्षरात "खालची ओळ चेपली, आवाज बद्द" एवढं लिहिलेलं होतं. त्याच्यावर भरपाई मिळाली.

कारखानदारांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझं एक मागणं आहे. खोक्यावर मॉडेलचं नाव असतं, रंग असतो, किंमत असते, झगमगीत बाथरूमचा फोटो असतो. वजन असलं तर एका बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. ते चारही बाजूंना, हातभर लांबून वाचता येईल एवढं मोठं छापा, गुजराती, हिंदी, मराठी आकड्यांत. उचलणाऱ्याला हात घालायच्या आधी कळायला हवं की पुढ्यात दहा किलो आहेत की पंचेचाळीस. तुम्ही छापेपर्यंत आम्ही गोदामात आलेल्या प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने वजन लिहितोय, आणि तीसच्या वर असेल तर शेजारी दोन माणसांचं चित्र काढतोय. चित्र टोळीतल्याच एका मुलाने ठरवलं. लालबागच्या दुकानातून पुढे जाणारा मालही आता तेच चित्र घेऊन जातो. परवा परळच्या एका साइटवरच्या मुकादमाचा फोन आला होता, बाकीच्या व्यापाऱ्यांनाही हे करायला सांगा म्हणून.